टपालपेटीच्या बाजूचे स्टिअरिंग

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, त्यामुळे तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते. आपल्या बरोबर उलट. रस्त्याचा मध्य आणि समोरून येणारी वाहने चालकाला नीट दिसावीत हा त्यामागचा हेतू आहे आणि बहुतेक चालकांच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मात्र एका नोकरीत ही रचना रोज, आणि दिवसातून शेकडो वेळा, आडवी येते. ती नोकरी म्हणजे ग्रामीण भागातल्या टपालवाटपाची.

आपल्याकडे ग्रामीण डाक सेवक पायी, सायकलवरून किंवा दुचाकीवरून दारापर्यंत येतो आणि पत्र हातात देतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरे रस्त्यापासून बरीच आत असतात, म्हणून प्रत्येक घराची टपालपेटी रस्त्याच्या कडेला खांबावर उभी केलेली असते. टपालवाहकाने गाडीतून उतरायचे नाही, पेटीजवळ गाडी थांबवून खिडकीतून हात बाहेर काढायचा, दार उघडून टपाल आत ठेवायचे, पेटीवरचा लहानसा लाल झेंडा वर केलेला असेल तर आतले पाठवायचे टपाल उचलायचे आणि पुढे निघायचे, अशी ही पद्धत आहे. तिथल्या टपाल खात्याने पेटीची मापेसुद्धा याच हिशेबाने सांगितली आहेत. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंचीवर असावा आणि पेटीचे दार रस्त्याच्या कडेपासून ६ ते ८ इंच आत असावे, म्हणजे गाडीत बसलेल्या माणसाचा हात तिथे सहज पोचतो. अर्थात हा हात उजव्या खिडकीत बसलेल्या माणसाचा असावा लागतो. चालक डावीकडे, पेटी उजवीकडे आणि मधे मीटरभराहून अधिक रुंदीची गाडी, हा सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे.

शहरांतल्या टपालवाहकांना हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण त्यांना खात्याची गाडी मिळते आणि ती मुळातच उजव्या स्टिअरिंगची असते. १९८७ ते १९९४ या काळात ग्रमन कंपनीने जनरल मोटर्सच्या सांगाड्यावर बांधलेल्या, ॲल्युमिनियमच्या चौकोनी अंगाच्या पांढऱ्या गाड्या गेली कित्येक दशके तिथल्या रस्त्यांवर दिसत आल्या आहेत. त्यांच्या जागी आणायच्या नव्या गाडीसाठी ज्या मोजक्या कंपन्यांना नमुना बांधण्याचे काम मिळाले होते, त्यांत मुंबईच्या महिंद्रा समूहाची अमेरिकेतली कंपनीही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते कंत्राट अखेर ऑशकॉश डिफेन्स कंपनीला गेले. ग्रामीण मार्गांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आजही अनेक टपालवाहक स्वतःची गाडी वापरतात आणि खाते त्यांना गाडीच्या देखभालीचा भत्ता देते. ही प्रथा जुनी आहे. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात घरपोच ग्रामीण टपालाचा प्रयोग सुरू झाला, १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली, आणि त्या काळी घोडा व गाडी टपालवाहकाने स्वतःची आणायची असे. घोडा गेला आणि मोटार आली, तरी वाहन स्वतःचे हा रिवाज बऱ्याच मार्गांवर टिकून राहिला.

आता डाव्या स्टिअरिंगच्या गाडीतून उजवीकडच्या पेटीत टपाल टाकायचे कसे? सर्वांत जुना, बिनखर्चाचा आणि माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग म्हणजे उजव्या सीटवर किंवा दोन सीटांच्या मधे बसून, डावा पाय पलीकडच्या पेडलवर आणि डावा हात पलीकडच्या स्टिअरिंगवर ठेवून गाडी चालवणे. ज्यांनी मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी पाहिली आहे, त्यांना हे कसे जमत असेल याची कल्पना येईल, कारण पुढे बाकासारखे अखंड सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर अशी तिची रचना होती. तशाच रचनेच्या, ऑटोमॅटिक गिअरच्या अमेरिकी गाड्यांत मधे अडथळा नसल्यामुळे टपालवाहक वर्षानुवर्षे असे आडवे बसून काम करत आले आहेत. पण कंबर पिळलेल्या अवस्थेत तासन्‌तास बसणे, सीट बेल्ट नीट न लागणे आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर ताणलेल्या डाव्या पायात पुरेसा जोर नसणे, ही त्याची किंमत आहे. बऱ्याच राज्यांच्या सीट बेल्टच्या कायद्यात टपालवाटप करत असलेल्या ग्रामीण टपालवाहकाला सूट आहे. धडकेच्या वेळी मात्र शरीराला तशी सूट मिळत नाही. शिवाय नव्या गाड्यांत दोन सीटांच्या मधे गिअर, कप ठेवायचे खळगे आणि कप्पे यांची भिंतच उभी असते, त्यामुळे हा मार्ग आपोआप बंद होत चालला आहे.

दुसरा मार्ग कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघालेली गाडी घेण्याचा. जीप चेरोकी, सुबारूची लेगसी वॅगन आणि सॅटर्नची वॅगन या गाड्या १९९० च्या दशकाच्या आसपास अशा स्वरूपात अमेरिकेत विकल्या गेल्या आणि टपालवाहकांनी त्या अक्षरशः झिजेपर्यंत वापरल्या. जीप रँग्लर आजही उजव्या स्टिअरिंगसह मिळते, पण ती स्वस्त नाही. काही जण जपानमधून जुनी गाडी मागवतात. २५ वर्षांहून जुन्या गाडीला अमेरिकेचे संघीय सुरक्षा निकष लागू होत नाहीत, म्हणून ती आणता येते. काही राज्ये मात्र जपानच्या छोट्या व्हॅनना रस्त्यावर चालवण्याची नोंदणी द्यायला कुरकुर करतात. या मार्गात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे हेडलाइट. जपानमध्ये वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे तिथल्या दिव्याचा झोत डाव्या कडेला थोडा उंच पडतो. अमेरिकेत डावीकडे समोरून येणारा चालक असतो आणि तो झोत नेमका त्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून असे दिवे बदलावेच लागतात. अमेरिकेतच बनलेल्या गाडीचे स्टिअरिंग हलवले तर दिव्यांना हात लावायची गरज नसते, कारण गाडी चालते त्याच बाजूने.

उरला तिसरा मार्ग, म्हणजे आहे त्या गाडीचे रूपांतर. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिल्या प्रकारात मूळ स्टिअरिंग आणि मूळ पेडल जागच्या जागी राहतात आणि उजवीकडे त्यांची जोडीदार यंत्रणा बसते. डाव्या स्टिअरिंगवर एक पुली बसवतात, उजवीकडे डॅशबोर्डसमोर एका भक्कम कंसावर दुसरे स्टिअरिंग आणि दुसरी पुली बसवतात, आणि दोन्ही पुली पट्ट्याने किंवा साखळीने जोडतात. दोन्ही पुली एकाच मापाच्या असल्यामुळे उजवे स्टिअरिंग जितके फिरवावे तितकेच डावे फिरते. या रचनेचा मोठा फायदा असा की गाडीची खरी स्टिअरिंग यंत्रणा, म्हणजे दांडा, पॉवर स्टिअरिंग आणि स्टिअरिंग किती वळले हे मोजणारा सेन्सर, यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सर्व हलक्या वाहनांत गाडी घसरताना आपोआप सावरणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि ती यंत्रणा याच सेन्सरच्या भरवशावर चालते. पट्टा तुटलाच, तर डावे स्टिअरिंग हाताशी असते, हीदेखील एक जमेची बाजू आहे. पट्टा दातेरी आणि नीट ताणलेला मात्र हवा. तो सैल पडला की स्टिअरिंगला प्ले येतो, म्हणजे ते थोडे फिरवले तरी गाडी वळत नाही, आणि सरळ रस्त्यावर गाडी सतत सांभाळत राहावी लागते.

लोक अशी गाडी पाहायला येतात तेव्हा हे स्टिअरिंग फिरवून बघतात आणि खूश होतात. पारखायची गोष्ट खाली, पायाशी असते. उजवीकडचे ब्रेक पेडल एका आडव्या दांड्यावर बसवलेले असते, तो दांडा डॅशबोर्डखालून डाव्या बाजूला जातो आणि त्याच्या टोकाला असलेला लहान हात मूळ ब्रेक पेडल दाबतो. म्हणजे उजवा पाय दाबतो दांड्याचे एक टोक, आणि ब्रेकचा जोर निघतो दुसऱ्या टोकातून. मधल्या अंतरात दांड्याला पीळ बसतो. रोजच्या हलक्या ब्रेकिंगमध्ये हा पीळ जाणवत नाही, परंतु रस्त्यात हरिण आडवे आले आणि चालकाने सगळा भार पेडलवर टाकला, तर पायाच्या हालचालीचा काही भाग ब्रेक लागण्याऐवजी दांडा पिळण्यात खर्च होतो. दांड्याची जाडी इथे निर्णायक ठरते. भरीव गोल दांड्याचा व्यास दुप्पट केला की पिळाला होणारा त्याचा प्रतिकार सोळापट होतो, त्यामुळे अर्ध्या इंचाचा दांडा आणि पाऊण इंचाचा दांडा यांत दिसायला थोडासा वाटणारा फरक प्रत्यक्षात पाचपट असतो. दांडा ज्या बुशांमध्ये फिरतो ते सैल असतील, किंवा कंस पातळ पत्र्यावर नुसत्या स्क्रूंनी बसवलेला असेल, तर जाड दांड्याचाही उपयोग होत नाही. दोष फक्त घरगुती जुगाडाचा असतो असेही नाही. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या काही युरोपीय गाड्यांत कंपनीनेच ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) डावीकडे ठेवून उजव्या पेडलला असा आडवा दुवा जोडला होता, आणि त्यांचा ब्रेक स्पंजी लागतो ही तक्रार तिथे जुनीच आहे.

ॲक्सिलरेटरचे काम त्यामानाने सोपे आहे. जुन्या गाड्यांत केबल असते, तिला जोड देता येते. नव्या गाड्यांत पेडल ही केवळ विजेच्या संकेतांची पेटी असते. तिच्यात दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि इंजिनाचा संगणक दोघांची सतत तुलना करत राहतो. म्हणून तिथल्या तारा कापून दुसरे पेडल जोडण्यापेक्षा मूळ पेडल यांत्रिक दुव्यानेच दाबणे अधिक सुरक्षित ठरते.

एअरबॅगचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून मोटारींत आणि १९९९ पासून हलक्या ट्रकांत पुढच्या दोन्ही जागांसाठी एअरबॅग सक्तीची आहे. उजवीकडची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत असते, आणि रूपांतरात नेमके तिच्या तोंडासमोर लोखंडी कंस आणि स्टिअरिंग येऊन बसते. धडकेच्या वेळी ती फुगली तर हे सगळे चालकाच्या छातीवर फेकले जाईल. ती बंद केली तर चालकाला एअरबॅगचे संरक्षणच उरत नाही. डाव्या स्टिअरिंगमधली एअरबॅग तशीच असते, पण तिच्यासमोर आता कोणी बसलेले नसते. संघीय कायद्यानुसार गॅरेज, विक्रेता किंवा उत्पादक यांना गाडीतली सुरक्षा यंत्रणा जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई आहे. मालकाने स्वतःच्या गाडीत केलेल्या बदलाला ते कलम लागू होत नाही, राज्याचे नियम मात्र लागू होतात. त्यामुळे रूपांतराचे बरेच संच मालकाने स्वतः बसवावेत अशा रूपातच विकले जातात. या बाबतीत मला समाधानकारक उत्तर दिसत नाही. जुळ्या यंत्रणेची गाडी म्हणजे एअरबॅगविना चालवायची गाडी, हे मान्य करूनच तो निर्णय घ्यावा लागतो. आणि म्हणूनच ती हमरस्त्यावर उजवीकडून चालवू नये, टपालवाटप सुरू होते तिथपर्यंत डाव्या सीटवरून जावे आणि मग बाजू बदलावी, ही अनुभवी टपालवाहकांची पद्धत मला पटते.

दुसऱ्या प्रकारात मूळ यंत्रणाच उजवीकडे नेतात. हे पूर्ण रूपांतर. यात डॅशबोर्ड काढावा लागतो, आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पोलादी भिंतीत नवी भोके पाडून जुनी बुजवावी लागतात. त्या भिंतीच्या उजव्या भागात बहुधा एसीचा पंखा आणि हीटरची पेटी असते, ती डावीकडे जाते. ब्रेकचा बूस्टर आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा भाग) उजवीकडे येतात आणि ब्रेकचे पाइप नव्याने आखले जातात. स्टिअरिंगचा दांडा बोनेटखाली उतरतो त्या वाटेत एक्झॉस्टचा तापलेला भाग असला, तर काम तिथेच अडते. स्टिअरिंगच्या रॅकचीही, म्हणजे आडवी सरकून पुढची चाके वळवणाऱ्या दातेरी पट्टीचीही, एक गंमत आहे. डाव्या गाडीची रॅक उलटी करून उजवीकडे बसवता येईल असे वरवर पाहता वाटते, पण तशी ती बसवली तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळेल, कारण उलटी केलेली वस्तू आणि तिचे आरशातले प्रतिबिंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजव्या गाडीला प्रतिबिंबासारखी, मुद्दाम तशी घडवलेली रॅक लागते.

म्हणून पूर्ण रूपांतर शहाणपणाचे ठरते ते फक्त अशा मॉडेलच्या बाबतीत, जे कंपनीने ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा जपानसाठी उजव्या स्टिअरिंगसह बनवलेले आहे आणि ज्याचे मूळ सुटे भाग मिळतात. डॅशबोर्ड, रॅक, पेडलचा संच, तारांचे जुडगे, वायपरची यंत्रणा असे सगळे एकाच गाडीतून काढून दुसरीत घातले, तर निकाल कारखान्यातल्या गाडीच्या जवळ जातो आणि एअरबॅगही योग्य जागी येते. ऑस्ट्रेलियात वॉकिनशॉ ही कंपनी मेलबर्नमध्ये अमेरिकी रॅम ट्रक उजव्या स्टिअरिंगचे करून देते, पण तिथे भाग नव्याने घडवले जातात आणि गाडी त्या देशाच्या निकषांवर तपासून घेतली जाते. ओळखीच्या मेकॅनिकने शेडमध्ये केलेल्या रूपांतराला तोच विश्वास देता येणार नाही. खर्च काही हजार डॉलरांच्या घरात जातो आणि जुन्या गाडीवर तो करावा का, हा प्रश्न उरतोच.

रूपांतर कोणतेही असो, चालकाची नजर कुठून बाहेर पडते याचा विचार कमी केला जातो. अमेरिकी गाडीत डावा आरसा सपाट आणि उजवा फुगीर काचेचा असतो, कारण चालक डावीकडे बसतो हे गृहीत धरलेले असते. चालक उजवीकडे गेला की सपाट आरसा त्याच्यापासून दूर जातो आणि त्यात मागच्या लेनचा जेमतेम एक पट्टा दिसतो. पेटीकडून निघून पुन्हा रस्त्यावर येताना डावीकडूनच गाड्या येत असतात, त्यामुळे डावीकडे फुगीर काच किंवा निदान चिकटवायचा गोल आरसा लावणे जवळजवळ अनिवार्य आहे. वायपर डाव्या चालकासाठी आखलेले असतात आणि काचेचा उजवा वरचा कोपरा पावसात तसाच ओला राहतो. ओव्हरटेक करताना समोरच्या ट्रकपलीकडचे काही दिसत नाही. हीच अडचण आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला येते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमाने अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायला इशारा देणाऱ्या यंत्राची अट घातली आहे. जाता जाता सांगायचे तर उजव्या स्टिअरिंगच्या गाडीतून अमेरिकेत बँकेच्या किंवा बर्गरच्या दुकानाच्या, गाडीच्या डाव्या बाजूला येणाऱ्या खिडकीशी व्यवहार करणे ही एक वेगळीच कसरत असते.

अशी गाडी विकत घ्यायची किंवा करून घ्यायची असेल, तर तपासणीची सुरुवात डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन करावी. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून उजव्या पेडलवर पूर्ण जोर द्यावा आणि दुसऱ्या माणसाने त्याच वेळी डावे पेडल किती खाली गेले ते पाहावे. उजवे बरेच खाली जाते आणि डावे मागे राहते, असे दिसले तर मधला दुवा पिळतो आहे. ब्रेकच्या दुव्यावरचे प्रत्येक नट लॉकनट आहे किंवा त्याला पिन आहे का हे बघावे, कारण दिवसाला शेकडो वेळा दाबल्या जाणाऱ्या जोडात साधा नट हळूहळू सैल होत जातो. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. तो लपवला तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

डाव्या बाजूची पेडल चालू असतात हे विसरून चालत नाही. टपालवाहक रिकाम्या डाव्या सीटवर टपालाचे ट्रे रचतो आणि पार्सले त्याच्या आसपास ठेवतो. एखादे वळण जोरात घेतले की वरचे पार्सल घसरून डाव्या पायाच्या जागेत पडते आणि मूळ ब्रेक पेडलखाली जाऊन बसते. मग उजवीकडचा ब्रेक कितीही दाबला तरी पेडल खाली जात नाही, कारण दोन्ही पेडल एकमेकांना बांधलेली आहेत. म्हणून डाव्या पेडलांसमोर आणि बाजूंनी लोखंडी जाळी किंवा पत्र्याचा आडोसा हवा, ट्रेला कडा असलेले भक्कम फळकूट हवे, आणि ब्रेकची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची ती गाडीत टपालाचा पूर्ण भार ठेवूनच.